नऊ दिवस दार कुणी उघडलं

डेल्फीन टॉलिव्हरनं निरोपाचं भाषण गाडीतच पाठ केलं. भाषण कसलं, चार वाक्यं. मी दमले. गुरुवारी आमचं मंडळ 'आज्यांचं घर' त्या उपनगरातल्या मोठ्या संस्थेच्या हवाली करायचा ठराव करणार आहे आणि मी त्यावर सही करणार आहे. मग मी कुठलीच संस्था चालवत नसेन, म्हणजे मंगळवारची ही माझी शेवटची खेप. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप केलंत. एवढं बोलायचं, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, आणि दोन घास खाऊन निघायचं. बेत चांगला होता. फक्त ज्या माणसांपुढे तो पार पाडायचा होता ती माणसं तशी सरळ नव्हती.

मिलवॉकीच्या उत्तर भागात गोरा नसलेला माणूस संस्था चालवायला लागला की त्याच्या गळ्यात दोन कामं पडतात. एक, संस्था चालवायची. दुसरं, आपल्याला ती चालवता येते हे दर तीन महिन्यांनी कुणाला तरी पटवून द्यायचं. पहिल्या कामाचा थोडाबहुत पगार मिळतो. दुसरं फुकट असतं, आणि माणूस मोडतो तो त्यानंच. गोऱ्या संचालकाचा हिशेब चुकला तर देणगीदार म्हणतात, होतं असं, शिकेल. यांचा चुकला की भुवया वर जातात. म्हणून ही मंडळी आजारी पडत नाहीत, म्हणजे पडतात, पण सांगत नाहीत. दमत नाहीत. मदत मागणं तर दूरच.

हे सगळं ओळखून सहा वर्षांपूर्वी मिस अर्लीन गॅड्सडेन यांनी मंगळवार सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी बारा वाजता, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. मिस अर्लीन चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काळ्या, उंच, काठी टेकत चालणाऱ्या. एके काळी त्यांनी स्वतः संस्था चालवली होती. आता या चौघांना उभं ठेवणं हाच त्यांचा उद्योग. चौघं म्हणजे एक डेल्फीन, नातवंडं एकट्यानं वाढवणाऱ्या आज्यांसाठी 'आज्यांचं घर' चालवणारी. तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून देणारा एमस रॉली, हाही काळाच, आधी पाद्री होता आणि ते त्याच्या आवाजातून अजून गेलं नव्हतं. घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना चालवणारी येसेनिया बारिओस, जिचे आईवडील मेक्सिकोतून आलेले. आणि लाओसमधून आलेल्या म्हाताऱ्या मोंग लोकांसाठी भाजीचे मळे चालवणारी चुआ थाओ. चुआ फार बोलत नसे. सहा वर्षांत तिनं कुणाला एक शब्द जास्तीचा ऐकवला नव्हता.

मंगळवारची रीत अशी होती. आधी जेवण. मग एकानं पुढे बसायचं आणि आपलं दुखणं दहा मिनिटांत मांडायचं. त्यानंतर बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. 'माझ्या वेळी मी काय केलं' हे सांगायचं नाही. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक आहे असा प्रश्न मुळीच विचारायचा नाही, कारण मिस अर्लीनच्या मते तो प्रश्न नसतोच, तो मुखवटा घातलेला सल्ला असतो. जो हा नियम मोडेल त्यानं ॲप्रन बांधून सगळ्यांची भांडी घासायची. एमसनं सहा वर्षांत इतकी भांडी घासली होती की चर्चच्या बायकांनी नाताळात त्याला रबरी हातमोजे भेट दिले होते.

त्या दिवशी पुढे बसायची पाळी डेल्फीनचीच होती. एप्रिलचा पहिला मंगळवार. टेबलावर मिस अर्लीनचा पालेभाजीचा टोप, मक्याचा पाव, येसेनियानं आणलेले, मक्याच्या सालीत उकडलेले तमाले आणि चुआचा चिकट भात. डेल्फीननं भात नुसताच चिवडला आणि सगळ्यांची ताटं रिकामी व्हायच्या आत चारही वाक्यं एका दमात बोलून टाकली.

 एमस लगेच उसळला.

"सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या लोकांना तुझ्या आज्या ओळखीच्या तरी आहेत का? सही करायची नाही. विषय संपला."

"एमस," मिस अर्लीन शांतपणे म्हणाल्या, "ॲप्रन दाराच्या मागे आहे."

"अहो पण मिस अर्लीन, ही सरळ विहिरीत उडी मारतेय आणि मी विचारू काय? 'पाणी गार आहे का' म्हणून?"

"तेसुद्धा चालेल. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

येसेनिया हसली, पण तिचे डोळे डेल्फीनवरून हलले नव्हते. "अगं, कधीपासून चाललंय हे तुझ्या मनात?"

"जानेवारीपासून."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं? तुमचं तुम्हाला कमी आहे का?" डेल्फीनचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं झाली मला. त्र्याहत्तर आज्या आहेत. पोरी व्यसनात गेल्या, पोरं तुरुंगात गेली, कुणी देवाघरी गेलं, आणि सत्तराव्या वर्षी या बायका पुन्हा बाटल्या धुताहेत, शाळेच्या फॉर्मवर सह्या करताहेत. सकाळी साडेसहाला मी दार उघडते. संध्याकाळी मी बंद करते. मध्ये कोर्ट, शाळा, दवाखाना, सगळीकडे मीच. त्या मोठ्या संस्थेनं एक कागद पाठवला होता. त्यात एक ओळ होती: संचालक गैरहजर असल्यास जबाबदारी कोण घेईल. मी तीन आठवडे त्या ओळीकडे बघत बसले. लिहायला एक नाव नव्हतं. एकसुद्धा नाही. ज्या संस्थेत एकच माणूस आहे ती संस्था नसते, तो हट्ट असतो. त्यांच्याकडे चाळीस माणसं आहेत. माझं काही बरंवाईट झालं तर या बायकांनी जायचं कुठं?"

हे बोलताना तिला रडू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. एमस काही बोलायला गेला तर येसेनियानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

प्रश्न चालू राहिले. रात्री झोप लागते का? ही मोठी संस्था तुझ्याकडे आली की तू तिच्याकडे गेलीस? आज्यांना सांगितलंस का?  नाही, सांगितलं नव्हतं. त्यांचा धीर सुटेल म्हणून. एमसनं आणखी दोनदा सल्ला दिला, त्यातला एक बायबलच्या वचनासकट. चाळीस मिनिटं संपत आली तेव्हा आतापर्यंत एक शब्द न बोललेल्या चुआनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"जानेवारीत तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "नऊ दिवस तू घरी होतीस. ते नऊ दिवस दार कुणी उघडलं?"

डेल्फीननं ताट बाजूला सारलं.

ते ऑपरेशन या चौघांशिवाय फार कुणाला माहीत नव्हतं. मंडळाला आणि देणगीदारांना तिनं कळवलं होतं की एका परिषदेला जातेय. खोटं होतं, पण या धंद्यात ते इतकं चालतं की तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज्यांनाही तिनं परिषदेचंच कारण सांगून निरोप पाठवला होता की आठवडाभर घर बंद राहील, जमेल तसं सांभाळून घ्या. दहाव्या दिवशी टाके दुखत असताना ती परत गेली तेव्हा दिवे लागलेले होते, कॉफीचं भांडं गरम होतं, आणि तिनं कोट काढायच्या आधी कामाला हात घातला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"विचारलं नाहीस?" येसेनियानं विचारलं.

"नाही."

का नाही विचारलं, हे कुणी विचारलं नाही. ते तिचं तिलाच टोचायला लागलं. बंद होतं असं कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. आणि चालू होतं असं कळलं असतं तर? तर त्याहून वाईट वाटलं असतं. एकोणीस वर्षं जिनं स्वतःला घराचा खांब समजलं तिला खांब काढूनही छप्पर तसंच उभं आहे हे ऐकायचं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान गरम झाले.

"गुरुवारच्या आत विचारशील का?" मिस अर्लीन म्हणाल्या. "एवढंच कर, बाळा. मग सही कर नाहीतर नको करू."

जेवणाची ताटं गोळा झाली. एमस सवयीनं बाह्या सरसावत उठला, पण त्याच्या आधी चुआ दाराकडे गेली, तिनं ॲप्रन काढून कमरेला बांधला आणि सिंकमध्ये गरम पाणी सोडलं.

"तू कशाला?" डेल्फीन म्हणाली. "सल्ले तर यानं दिले. तीन मोजले मी."

"आज माझी पाळी," चुआ म्हणाली आणि टोप घासायला लागली. एमस छताकडे बघत होता. येसेनियाला एकाएकी तमाल्यांची सालं गोळा करायची फार घाई झाली होती. डेल्फीन स्वतःच्याच विचारात होती, नाहीतर हे सगळं तेव्हाच तिच्या ध्यानात आलं असतं.

बुधवारी सकाळी ती साडेसहाला आज्यांच्या घरी पोहोचली. जुनं दुमजली घर, पुढे पोर्च, आत एक लांबलचक जेवणाचं टेबल. सातपर्यंत आज्या यायला लागल्या. नातवंडांना शाळेच्या बसमध्ये बसवायचं आणि मग इथं कॉफी प्यायची, हा त्यांचा नेम. सगळ्यांत आधी मिस विलोडीन स्पायव्ही, वय एकोणऐंशी, तिघा पणतवंडांचा सांभाळ एकटीनं करणारी, आणि जिभेला हाड नसलेली. पाठोपाठ मिस रुथॅन, पोस्टात तीस वर्षं काढलेली, चष्मा साखळीला लटकवलेली.

डेल्फीननं दोघींना बसवलं. "मला एक विचारायचंय. जानेवारीत मी नव्हते ते नऊ दिवस दार कुणी उघडलं?"

मिस विलोडीननं कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली आणला नाही.

"अखेर विचारलंस म्हणायचं," मिस रुथॅन म्हणाली. "मी पैज हरले. मला वाटलं होतं तू विचारायच्या आधी मी मरेन."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या, एकमेकींना तोडत, दुरुस्त करत, आणि डेल्फीनला हळूहळू सगळं कळलं. घर बंद राहील हा निरोप आला त्या संध्याकाळी मिस विलोडीननं सगळ्यांना फोन केले. बंद राहून कसं चालेल? भर जानेवारी, गुडघाभर बर्फ. दोघींची कोर्टाची तारीख त्याच आठवड्यात. पण चालवायचं कसं हे कुणालाच सुचेना. फ्रिजवर डेल्फीनच्याच अक्षरात एक नंबर लावलेला होता: काही अडलं तर मिस अर्लीन. तो फिरवला.

"आम्हाला वाटलं बाई येईल आणि हातात घेईल," मिस विलोडीन म्हणाली. "आली. कोटसुद्धा काढला नाही. तिथं त्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, मी काही चालवणार नाही, मी फक्त विचारणार. शाळेच्या ऑफिसशी भांडायला तुमच्यात कुणाला येतं? पाच हात वर. सरकारी फॉर्म कुणाला कळतात? ही रुथॅन. न्यायाधीशापुढे न रडता कोण बोलू शकतं? कुणीच नाही. बरं, रडत रडत कोण बोलू शकतं? सगळ्या! असं करत करत तासाभरात फळ्यावर सगळ्या आठवड्याच्या पाळ्या लागल्या. आम्ही आमच्याच तोंडाकडे बघत बसलो."

"आणि ती एकटी नव्हती," मिस रुथॅन म्हणाली. "रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं. तो मोठ्या आवाजाचा पाद्री, त्यानं पोर्चवरचा बर्फ काढला आणि वर प्रवचन दिलं, ते कुणी मागितलं नव्हतं. ती मेक्सिकन पोरगी, ती आपल्या क्लॅरिसच्या तारखेला तिच्याबरोबर कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसली. आणि ती बारकी मोंग बाई, ती पाच दिवस आली. सकाळी सहाला, भाताच्या पेजेचं भांडं घेऊन. दार खरं तर तीच उघडायची. आम्हाला साडेसहा कधी जमलेत? बर्फात बस वेळेवर येते थोडीच."

डेल्फीनला तो ॲप्रन आठवला, आणि टोप घासणारी चुआची पाठ. उत्तर माहीत असलेला प्रश्न. सहा वर्षांत पहिल्यांदा चुआनं नियम मोडला होता, तोसुद्धा तिच्यासाठी, आणि मुकाट्यानं भांडी घासून मोकळी झाली होती.

"अजून एक आहे," मिस विलोडीन म्हणाली. "सांगू का गं रुथॅन?"

"सांग. आता काय लपवायचं."

"पाचव्या दिवशी एक बाई आली. न सांगता. आपल्याला देणगी देणाऱ्या त्या फाउंडेशनची, मोत्याच्या माळेवाली. म्हणाली, संचालिका कुठे आहेत. मी म्हटलं, परिषदेला. पण या, मी दाखवते. सगळं घर दाखवलं, कॉफी पाजली, माझ्या पणतीनं तिच्या मांडीवर दूध सांडलं. दोन तास बसली. जाताना रडली."

फेब्रुवारीत फाउंडेशनचं पत्र आलं होतं, इतकी जिवंत जागा आम्ही पाहिली नाही असं काहीतरी लिहिलेलं. डेल्फीनला वाटलं होतं, सगळ्यांना पाठवतात तसलंच छापील गोड पत्र असेल. तिनं ते फायलीत घालून टाकलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज फुटला.

"कधी सांगणार?" मिस विलोडीन आता खरंच चिडली. "दहाव्या दिवशी तू आलीस, चेहरा पांढराफटक, हात पोटाशी. आणि पहिलं वाक्य काय? 'ठीक आहे, आता मी बघते.' आम्ही काय करायचं पोरी, तुझ्या हातातून झाडू हिसकावून घ्यायचा? तुला बघायचंच होतं. म्हटलं, बघू दे."

डेल्फीन उठून कोठीघरात गेली, डब्यांच्या फळ्यांमध्ये उभं राहून तिनं मिस अर्लीनना फोन लावला, आणि त्यांनी हॅलो म्हणायच्या आत भडकली. "अकरा आठवडे! अकरा आठवडे तुम्ही चौघांनी माझ्यापासून लपवून ठेवलंत. काल मी तिथं बसून म्हणतेय, लिहायला एक नाव नाही, आणि तुम्ही चौघं मूग गिळून बसलात! माझी किती फजिती केलीत कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मिस अर्लीन म्हणाल्या.

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, बाळा?"

डेल्फीन उत्तर द्यायला गेली. तिला उत्तर माहीत होतं. तिनं सगळ्यांचे आभार मानले असते, प्रत्येकाला कार्ड पाठवलं असतं, पुन्हा असा त्रास देणार नाही म्हणून शपथ घेतली असती, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला दार उघडलं असतं. आणखी घट्ट धरून.

"कार्डं पाठवली असती," ती म्हणाली.

"चुआला ते कार्ड आवडलं नसतं."

डेल्फीनला हसू आलं आणि हसता हसता ती फळीला टेकून रडली, बीन्सच्या डब्यांशेजारी, चांगली पाच मिनिटं. मिस अर्लीननं फोन ठेवला नाही. 

गुरुवारी दुपारी चारला मंडळाची सभा त्याच लांब टेबलाभोवती भरली. सात जण. अध्यक्ष ल्यूशियस बॅटल, चौतीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्यापुढे विलीनीकरणाचा कागद होता आणि पेन टोपण काढून ठेवलेलं होतं.

"डेल्फीन, तूच म्हणाली होतीस दुसरा मार्ग नाही. आमचं मन तयार नव्हतं, तू केलंस. तर मग घेऊ या मतदान?"

"त्याआधी मला काही कबूल करायचंय, मिस्टर ल्यूशियस." ती खुर्चीत पुढे सरकली. "जानेवारीत मी परिषदेला गेले नव्हते. माझं ऑपरेशन झालं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मंडळातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्टर ल्यूशियसनी पेनाचं टोपण लावलं.

"का?"

"संचालिका आजारी आहे म्हटलं की उद्या कुणीतरी म्हणणार, संस्था आजारी आहे. मी दुबळी दिसायला घाबरले. आणि त्या भीतीपायी मी तुमच्यापुढे हा कागद आणला. त्यावर लिहिलंय की माझ्यामागे जबाबदारी घेणारं कुणी नाही. ते खोटं आहे. मला ठाऊक नव्हतं, पण खोटं आहे." ती उठली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत अकरा आज्या उभ्या होत्या; बुधवारीच तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या ऐकत नव्हत्या असं दाखवायचा प्रयत्न फक्त मिस रुथॅननं केला, तोही अर्धवट.

पुढचा पाऊण तास सगळ्या बोलल्या. मिस रुथॅननं पाळ्यांची यादी आणली होती, नावानिशी, तारखेनिशी. मंडळातल्या एका वकिलानं विम्याचं विचारलं, रीतसर जबाबदारीचं विचारलं, आणि त्याचं विचारणं बरोबरच होतं. फुकट राबवून घेणं बंद करायचं असेल तर दोघींना अर्ध्या वेळेच्या पगारावर घ्यावं लागेल, असं तोच म्हणाला. मिस विलोडीन म्हणाली, पगार दिलात तर वेळेवर यावं लागेल, त्याचा आधी विचार करा. वकीलसुद्धा हसला.

"आणि तू?" मिस्टर ल्यूशियसनी डेल्फीनला विचारलं. "तू म्हणाली होतीस, दमले. ते तरी खरं होतं ना?"

"ते खरं होतं. मला जून, जुलै, ऑगस्ट सुट्टी हवी आहे. मला मदत हवी आहे." एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं. बोलून झाल्यावर ती वाट पाहत राहिली, पण छप्पर पडलं नाही.

मत झालं. विलीनीकरणाच्या विरोधात सहा, एक तटस्थ. मिस्टर ल्यूशियसनी कागदाची नीट घडी घातली आणि तो कोटाच्या खिशात ठेवला. मग ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी डेल्फीनला मिठी मारली. स्वयंपाकघरात कोण सोमवारी दार उघडणार यावरून तोपर्यंत भांडण सुरू झालं होतं.

शुक्रवारी सकाळी ती मिस अर्लीनच्या घरी गेली. बरोबर पीचचं सारण भरून भाजलेली गोड 'पाय' नेली होती, विकतची, कारण तिला कधीच चांगली जमली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. मिस अर्लीननं कॉफी ओतली. डेल्फीननं सभेचं सगळं सांगितलं, वकिलाच्या हसण्यापर्यंत. आभार मानायचे होते. सगळ्यांना सकाळीच फोन केले होते. एमसला बोलू दिलं होतं, येसेनिया फोनवर रडली होती, आणि चुआ म्हणाली होती, बरं झालं, आता नीट जेव.  पण इथं आल्यावर तिनं सहा वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"मिस अर्लीन, तुमच्या संस्थेचं काय झालं होतं?"

मिस अर्लीननं कप खाली ठेवला.

"पोरांची शाळा होती माझी. शाळा सुटल्यावरची. बावीस वर्षं चालवली. मग एक मोठी संस्था आली, कागद घेऊन. मी दमले होते. लिहायला नाव नव्हतं. सही केली. दीड वर्षात त्यांनी ती बंद केली. आता तिथं लोक जुनं सामान ठेवायला कुलपाच्या खोल्या भाड्यानं घेतात. मागाहून कळलं, माझ्याकडे चार बाया होत्या ज्यांनी ती डोळे मिटून चालवली असती. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही."

डेल्फीननं विचारलं, "आणि कुणी विचारलं असतं तर?"

"तर मी अजून रोज दुपारी तिथलं दार उघडत असते. माझा मंगळवार रिकामा नसता."

 मग डेल्फीननं त्यांचा हात हातात घेतला. बोटं सांध्यांत सुजलेली होती, थंड होती.

"मला तुमच्या शाळेचं फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. "आणि सांगायला लाज वाटते मिस अर्लीन, पण ती गेली म्हणून तुम्ही मला मिळालात, याचा मला आनंद होतोय."

"लाजू नकोस," मिस अर्लीन म्हणाल्या. "सोळा वर्षं मी त्या सहीवर रडले. मलाही आनंद झाला. काल संध्याकाळी, मिस विलोडीनचा फोन आला तेव्हा, पहिल्यांदाच."